मावशीच्या पायातली पहिली सुई

डॉ. मेधा हेर्लेकरांना दोन गोष्टींची भारी चीड. एक, पेशंटने मोबाइल घेऊन बेडवर आडवं होणं. आणि दुसरी, सुई टोचायच्या आतच "मॅडम, बरं वाटायला लागलं हो" म्हणणं. पहिल्या गुन्ह्याला त्या मोबाइल काढून ड्रॉवरमध्ये टाकत. दुसऱ्याला म्हणत, "मग उठा, घरी जा. मी काय गंडेदोरे बांधते?" सांगलीत विश्रामबागेला त्यांचं अ‍ॅक्युपंक्चरचं क्लिनिक तीस वर्षं चाललेलं, आणि तीस वर्षांत त्यांच्या जिभेला घाबरून एकही पेशंट पळालेला नाही. लोक सुईसाठी येतात की बोलणी खायला, असं शेजारचा मेडिकलवाला विचारायचा. त्याची स्वतःची पाठ धरली की तोही मुकाट्याने इथेच येऊन पालथा पडायचा.

२०४३ चा जानेवारी, गुरुवार, सकाळचे दहा. बेडवर शौकतभाई जमादार पालथे होते. शौकतभाई एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. सांगली ते स्वारगेट चौतीस वर्षं गाडी मारली आणि त्या रस्त्याचा एकेक खड्डा कमरेत साठवला. गेली अठरा वर्षं दर गुरुवारी ते इथे येत होते.

"जुई, कांडी पेटव गं," मेधाताई म्हणाल्या.

कांडी म्हणजे दवण्याच्या जातीचा पाला वाळवून, कुटून कागदात गुंडाळलेली जाडजूड विडीच म्हणा ना. तिची धग दुखऱ्या जागेवर धरायची, ही चिन्यांची जुनी रीत. जुईने कांडी पेटवली आणि तिला लागोपाठ तीन शिंका आल्या.

"यंदाच्या कांड्यांना वासच नाही," मेधाताई कुरकुरल्या. "नुसतं गवत भरलंय मेल्याने. फोन करून झापते त्याला."

"वास नाही? मावशी, माझं डोकं भणभणलंय!"

"तुमची पुण्याची नाकं. नाजूक."

जुई म्हणजे मेधाताईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय एकतीस, पुण्याला एका प्रयोगशाळेत इंजिनियर. तीन महिन्यांसाठी मावशीकडे आली होती, पण माहेरपणाला नव्हे. कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती, आणि मावशीच्या चिमटीतल्या सुईवर तिचीच एक वस्तू बसवलेली होती.

मेधाताईंनी शौकतभाईंच्या कमरेवर बोटांनी जागा चाचपली, स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई अलगद आत सरकवली आणि चिमटीत जराशी फिरवली.

"आलं का?"

"आलं, मॅडम. पार टाचेपर्यंत."

मेधाताईंनी जुईकडे पाहिलं. जुईने पडद्यावरच्या रेषेकडे पाहून मान हलवली. खरंच आलं होतं.

आता हे 'आलं' प्रकरण नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अ‍ॅक्युपंक्चरची सुई केसाएवढी बारीक. कातडी आणि स्नायू यांच्या मधे अगदी तलम धाग्यांचा एक थर असतो. सुई आत जाऊन हलकेच फिरली की ते धागे तिच्याभोवती गुंडाळले जातात, टकळीवर सूत गुंडाळावं तसे. तोवर सैल असलेली सुई आतून धरली जाते. त्या क्षणी पेशंटला तिथे जडपणा येतो, एक मुकी कळ पसरत जाते. आणि सुई धरणाऱ्याच्या चिमटीला ओढ लागते, गळाला मासा लागावा तेवढीच. चिन्यांकडे याला दोन हजार वर्षांपूर्वीचं नाव आहे. मेधाताई त्याला नुसतं 'आलं' म्हणत. ते आलं नाही तर सुई म्हणजे फक्त बोचकारा. सुयांनी काय बरं होतं आणि काय होत नाही यावर शहाणी माणसं अजून भांडताहेत, त्या भांडणात आपण नको पडायला. मेधाताईंचा विश्वास एका गोष्टीवर होता. पेशंटचं तोंड काहीही सांगतं, कुणी भीतीने, कुणी भिडेपोटी. चिमटीला मात्र खरं कळतं.

जुईने त्या चिमटीची जागा घेईल असं यंत्र केलं होतं. काडेपेटीच्या अर्ध्या काडीएवढी एक मूठ. सुई दर वेळी नवी, मूठ तीच. आतल्या धाग्यांनी सुई किती घट्ट धरली, ती किती ओढली गेली, कशी थरथरली, हे ती मूठ सेकंदाला हजार वेळा मोजायची आणि पडद्यावर रेष काढायची. आलं की रेष उंच उठून स्थिरावायची. नव्या शिकणाऱ्यांना या मुठीने कळावं की आलं की नाही, हा हेतू. पण मुठीला आधी कुणीतरी शिकवायला हवं होतं, आणि त्यासाठी सगळ्यात जाणत्या हाताने घातलेल्या हजारभर सुयांच्या रेषा हव्या होत्या. असा हात जुईला जगात एकच माहीत होता.

माहीत होता, आणि त्याची अजून भीतीही वाटत होती. बारा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, ती याच क्लिनिकमध्ये शिकायला राहिली होती. शंभर दिवस कच्च्या पेरूत सुई घालायचा सराव केला. मग पहिल्यांदा माणसाच्या अंगात सुई घालायचा दिवस आला, आणि त्याच दिवशी मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "जुई, तुझ्या हाताला कान नाहीत. हे तुझं काम नव्हे." जुई त्याच आठवड्यात पुण्याला गेली. येणं-जाणं राहिलं, दिवाळीला फराळाचे डबे राहिले, पण सुईला तिने पुन्हा हात लावला नाही. कान असलेली सुई बनवायला घेतली.

---

दोन महिन्यांत हजारावर रेषा जमल्या. आणि त्या सगळ्या रेषांवर एक घाण होती.

जुई तिला घाणच म्हणायची. प्रत्येक रेषेच्या अंगावर बारीक लाट, सेकंदाला पाच वेळा, डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरच दिसणारी. शौकतभाईंच्या कमरेत तीच, मेडिकलवाल्याच्या पाठीत तीच, मानेच्या दुखण्यासाठी येणाऱ्या शाळेतल्या बाईंच्या खांद्यातही तीच. सगळ्या माणसांच्या अंगात एकच लाट कशी असेल? म्हणजे दोष यंत्रात. जुईने तीन मुठी बदलल्या. पंखा बंद केला. फ्रीज बंद केला, तेव्हा मावशीच्या शिव्या खाल्ल्या. लाट जागची हलेना.

मग एका दुपारी, क्लिनिक एक ते चार बंद असतं तेव्हा, तिने टेबलावर एक कच्चा पेरू ठेवला.

"अगं बाई," मेधाताई हसल्या, "पुन्हा श्रीगणेशा?"

"मावशी, यात सुई घाल आणि नुसती धरून ठेव. फिरवू नको."

मेधाताईंनी सुई धरली. पडद्यावर लाट. जुईने सुई स्वतःच्या हातात घेतली. रेष ताणलेल्या दोरीसारखी सरळ. पुन्हा मावशीच्या हातात दिली. लाट.

असं करायला नको होतं, निदान मावशीसमोर नको होतं, हे जुईला आता कळलं.

"तुझी मूठ बिघडलीय," मेधाताई म्हणाल्या.

"ही चौथी आहे."

"मग पेरूतच काहीतरी असेल."

"पेरूला नाडी नसते, मावशी."

मेधाताई खुर्चीत नीट सावरून बसल्या. "सरळ सांग. मी काही काचेची नाही."

"तुझा हात हलतोय," जुई म्हणाली. "डोळ्याला दिसणार नाही इतकाच. सेकंदाला पाच वेळा. ही लय बहुतेक वेळा कंपवाताची असते. कंप दिसायला लागतो त्याच्या कितीतरी वर्षं आधी ती सुरू होते, म्हणून कुणाला कळत नाही. मूठ पेशंटचं ऐकायला केली होती गं मी. सुईला दोन टोकं असतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

मेधाताईंनी सुई काढली, डब्यात टाकली आणि पेरू बाजूला सारला. आत जाऊन दुसरा, पिकलेला आणला, विळीवर चार फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं आणि एक फोड जुईच्या तोंडात कोंबली.

"खा. आणि रडणं थांबव, मीठ मी आधीच लावलंय."

भाचीला हसू आलं, ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. ते सगळं होईपर्यंत मेधाताई ठणठणीत होत्या. नंतर त्या आतल्या खोलीत गेल्या, उजवा हात मांडीवर ठेवला आणि चार वाजेपर्यंत त्याच्याकडे बघत बसल्या. हात शांत दिसत होता. लग्नबिग्न राहूनच गेलं होतं, घर मोठं केलं नव्हतं, गावोगाव फिरल्या नव्हत्या. या एका हाताच्या जिवावर सगळं उभं होतं. तो गेला तर मेधा हेर्लेकर म्हणून उरतं कोण, हे काही केल्या त्यांना सुचेना. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलीला अंधारात वाटते तशी.

---

मिरजेच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी बोटं आपटून दाखवायला सांगितली, भिंतीपर्यंत चालायला लावलं, कोपरातून हात वाकवून पाहिला. मग तीन छोट्या बाटल्या एकामागून एक नाकाखाली धरल्या.

"कशाचा वास?"

"पाण्याचा," मेधाताई म्हणाल्या. "तिन्हींत पाणीच आहे की."

मागे उभ्या असलेल्या जुईने तोंडावर हात घेतला. तिला तिथूनच कॉफी, लवंग आणि संत्रं, तिन्ही वास आले होते.

"कांड्या," मेधाताई हळूच म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला मी फोनवर काय काय बोलले."

या रोगात हात हलायच्या कितीतरी आधी वास जातो, डॉक्टर म्हणाले. तपासण्या झाल्या. निदान पक्कं झालं. वाईटातली चांगली गोष्ट अशी की फार लवकर कळलं होतं. रोगाची चाल मंदावणारी औषधं आता निघाली आहेत, पण ती उपयोगी पडतात ती कंप उघड दिसायच्या आधीच सुरू केली तर. एरवी माणसं डॉक्टरकडे येतात तेव्हा उशीर झालेला असतो. "तुमच्या भाचीने तुमची दहा चांगली वर्षं वाचवली," डॉक्टर म्हणाले. "स्वयंपाक करा, फिरा, सही करा, काही अडणार नाही."

"आणि सुया?"

डॉक्टर थोडे घुटमळले. जे आलंय ते औषधाने मागे जाणार नाही, म्हणाले. छातीजवळ, डोळ्याजवळ आजपासून नको. बाकीकडेही किती दिवस, ते हातच सांगेल.

परतीच्या रिक्षात मेधाताईंनी जुईला सहा वेळा सांगितलं की मिरजेतल्या रस्त्यांची अगदी दशा झालीय. सातव्यांदा सांगताना त्यांचा आवाज फुटला. जुईने त्यांचा हात हातात घेतला आणि विश्रामबाग येईपर्यंत सोडला नाही.

---

जुई काही हात बांधून बसणारी नव्हती. तिने आठ दिवस खपून मूठ बदलली. आत मुगाच्या दाण्याएवढं वजन बसवलं. हात उजवीकडे हलला की ते तेवढंच डावीकडे सरकायचं, सेकंदाला पाच वेळा, बिनचूक. हात थरथरला तरी सुई निश्चल. पेरूत धरून पाहिली. रेष सरळ.

"बघ!" जुई म्हणाली. "अजून दहा वर्षं सुया घाल. पंधरा घाल."

मेधाताईंनी भाचीच्या कपाळावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. त्या दिवशी त्यांनी गुणगुणत शिरा केला, शेजाऱ्याला बोलावून खाऊ घातला. जीव पुन्हा जाग्यावर आला होता.

गुरुवारी शौकतभाई आले, पालथे झाले. मेधाताईंनी नवी मूठ धरली, जागा चाचपली, सुई आत सरकवली, फिरवली. आणि थांबल्या.

काही लागत नव्हतं. सुई आत होती हे डोळ्यांना दिसत होतं, पण चिमटीत काहीच येत नव्हतं, ओढ नाही, पकड नाही. ते वजन थरथर खात होतं आणि थरथरीबरोबर आतून येणारी ती बारीकशी ओढही खात होतं. त्यांनी थोडी खोल घातली, थोडी मागे घेतली. आणखी चार सुया घालून पाहिल्या, तेच. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पेशंटच्या तोंडाकडे बघावं लागलं.

"आलं का हो, शौकतभाई?"

"आलं की! पार टाचेपर्यंत."

जुई पडद्याकडे बघत होती. रेष जमिनीला लागून पडलेली. तिने मान हलवली. नाही.

मेधाताईंनी एकेक करून सगळ्या सुया काढल्या. पाच घातल्या, पाच निघाल्या, हे त्या नेहमी मोठ्याने मोजत, आजही मोजलं. मग म्हणाल्या, "उठा. बसा नीट. खोटं का बोललात?"

शौकतभाई शर्टाची बटणं लावत खाली बघत राहिले. "मॅडम, तुमचा आवाज असा झाला होता की... नाही म्हणायचा जीव झाला नाही."

"आणि याआधी?"

"याआधी येत होतं. खरंच येत होतं. पण..." ते चाचरले. "सहा महिने झाले, सुई आत यायच्या आधी कातडीवर दोनदा टकटक करते. पाहुणा कडी वाजवतो तशी. मी म्हटलं, मॅडमचं वय झालं, आपलंही झालं. बोलायचं कशाला?"

"सहा महिने! आणि मला एक शब्द नाही? आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

शौकतभाईंनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. बाकावरच्या शाळेतल्या बाई एकदम छताकडे बघायला लागल्या. मेधाताईंना कळायचं ते कळलं. अख्ख्या क्लिनिकला माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्यांच्यापासून लपवलं होतं. त्यांना संताप आला, आणि त्या संतापाच्या खाली इतकी माया दाटून आली की त्या पदराने चष्मा पुसत बसल्या.

"तुम्ही असेच," त्या म्हणाल्या. "भिडस्त. कुणाला वाईट वाटू नये म्हणून काय वाटेल ते बोलाल."

"सवयच आहे ती," शौकतभाई म्हणाले. आणि जुईकडे बघून, फार दिवस अडकलेलं काहीतरी एकदाचं बाहेर काढावं तसं बोलले, "या पोरीच्या वेळेलाही तेच केलं मी. तिने पहिली सुई घातली ती माझ्याच कमरेत. हात बर्फासारखा गार पडला होता तिचा. विचारलं, काका, आलं का? काही आलं नव्हतं. पण म्हटलं, पोरगी घाबरलीय, खूश होऊ दे. म्हणालो, आलं."

मेधाताईंचा चष्मा पदरातच राहिला.

मेधाताईंना तो दिवस लख्ख आठवला. शौकतभाई म्हणाले होते, आलं. जुईने सुई सोडली होती. मेधाताईंनी सवयीने बोट लावून पाहिलं तर सुई नुसती लोंबत होती, धक्क्याने निघाली. ज्या मुलीला सैल सुई कळत नाही तिच्या हाताला कान नाहीत, असा निवाडा त्यांनी जागच्या जागी करून टाकला होता.

"जुई," त्यांनी विचारलं, "तुला काय लागलं होतं तेव्हा? चिमटीला?"

जुई लॅपटॉपच्या कडेवरून नख फिरवत राहिली. "काही नाही लागलं. मला वाटत होतं की आलेलं नाही, अजून फिरवावी. पण काका म्हणाले आलं. एवढे जुने पेशंट. मला वाटलं, माझंच चुकतंय." तिने मुठीकडे बोट दाखवलं. "म्हणून तर ही मूठ केली, मावशी. तोंडावर विश्वास ठेवायला लागू नये म्हणून."

म्हणजे हाताने बरोबर ऐकलं होतं. मुलीला बहिरी ठरवून हाकलली होती ती मावशीने. आणि आज त्या मुठीतल्या दाण्याने मावशीला दोन मिनिटं बहिरं केलं, तर केवढा आकांत झाला होता तिच्या मनात. जुईने ते बारा वर्षं सोसलं होतं.

पण खरी चूक त्याच्याही आधीची होती, आणि ती एकट्या मेधाताईंना माहीत होती.

---

शेवटचा पेशंट गेल्यावर मेधाताईंनी दाराची काच ओढून घेतली. शौकतभाई मात्र मधल्या कापडी पडद्यापलीकडे दुसऱ्या बेडवर पडून होते. आज अर्धवट राहिलं ते पुरं करूनच जाणार, असा त्यांचा हट्ट होता.

"बस," मेधाताई जुईला म्हणाल्या. "माझे सर कोल्हापूरचे. ते शिकले कलकत्त्याच्या एका चिनी वैद्याकडे. त्या घराण्याची एक रीत होती. शिष्याने शंभर दिवस फळात सुई घालायची, आणि माणसाच्या अंगातली पहिली सुई गुरूच्या पायात. पेशंट भिडेने खोटं बोलेल, गुरू बोलणार नाही. आणि दुखलंच तर ज्याने शिकवलं त्याला दुखेल. सरांनी मला पाय दिला होता. चार वेळा नाही म्हणाले. पाचव्यांदा म्हणाले, आलं."

"मग मला..."

"तुला नाही दिला." मेधाताईंनी मान खाली घातली. "मला भीती वाटते."

"कसली?"

"सुईची! दुसऱ्याच्या हातातल्या सुईची. हसू नको. मी घालते तेव्हा काही नाही. कुणी दुसरं सुई घेऊन जवळ आलं की माझ्या पोटात गोळा येतो. रक्त तपासायलासुद्धा मी डोळे मिटून राम राम म्हणते. अ‍ॅक्युपंक्चरची डॉक्टर, आणि ही तऱ्हा. कुणाला सांगू? म्हणून त्या दिवशी तुझ्यापुढे शौकतभाईंना पालथं घातलं. माझ्या भित्रेपणापायी तुझा हात गेला, जुई. मला माफ कर."

जुईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मेधाताईंनी ते पुसलं नाही. त्या उठल्या, बेडवर उताण्या झाल्या, आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

"मावशी, काय करतेस?"

"रीत पुरी करते. गुडघ्याखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. ये."

"मी बारा वर्षांत सुई धरलेली नाही!"

"परवा पेरूत कोणी धरली होती? रेष सरळ होती तुझी. आणि ती मूठ काढ. लॅपटॉपही बंद कर."

जुईने लॅपटॉप मिटला. हात धुतले, बोळा फिरवला, चार बोटं मोजली. तिच्या हाताचा गारवा मेधाताईंना कळला आणि त्यांच्या पोटात ठरल्याप्रमाणे गोळा आला. त्यांनी बेडची कड घट्ट धरली. सुई आत गेली. मुंगी चावावी तेवढं झालं.

जुईने सुई फिरवली. "आलं का?"

आणि गंमत बघा, मेधाताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, आलं म्हणावं. त्या पोरीचा चेहरा तसा होता. शौकतभाईंवर चिडायचा आपल्याला काहीएक अधिकार नव्हता, हे त्यांना तेव्हा पटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नुसती टोचली आहेस."

जुईने ओठ चावला. सुई जरा मागे घेतली, पुन्हा सरकवली. "आता?"

"नाही."

"आता आलं असेल की!" पडद्यापलीकडून शौकतभाई.

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदमच ओरडल्या.

मेधाताईंनी डोळे मिटले. "मला विचारू नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणालाच विचारू नको. घाई कसली आहे? मी कुठे जात नाही. तुझ्या बोटांना काय लागतंय तेवढंच बघ."

जुईचा श्वास संथ झालेला मेधाताईंना ऐकू येत होता. रस्त्यावर कुणाची तरी सायकलची घंटी वाजली. सुई किंचित फिरली, थांबली, पुन्हा किंचित फिरली. आणि गुडघ्याखाली काहीतरी जड जड होऊ लागलं. ती मुकी कळ नडगीवरून उतरली, घोट्यापाशी रेंगाळली, अंगठ्यापर्यंत गेली. एकसष्टाव्या वर्षी, शिकताना लागलेला सरांचा आणि स्वतःचा हात सोडून तिसऱ्या कुणाच्या हाताने ती त्यांच्या अंगात पहिल्यांदाच पोचली होती. सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"आलं," जुई म्हणाली.

ती विचारत नव्हती, सांगत होती. मेधाताईंनी डोळे उघडले तेव्हा जुई त्यांच्याकडे बघतही नव्हती. आपल्या दोन बोटांकडे बघत होती आणि तोंड उघडं राहिलं होतं.

मेधाताईंनी नुसती मान हलवली. बोलायला गेल्या असत्या तर रडल्या असत्या, आणि पडद्यापलीकडे शौकतभाईंचे कान टवकारलेलेच होते. त्यांचा उजवा हात बेडवर पडला होता. जुईने आपला मोकळा हात त्यावर ठेवला. दिसत काही नव्हतं, पण तळव्याखाली ती बारीक लाट तिला आता मुठीशिवाय कळली.

"काढू?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"वीस मिनिटं ठेवायची असते," मेधाताई म्हणाल्या. "विसरलीस सगळं. स्टूल घे आणि बस इथे."